हृदयाचं उघडणारं मॉडेल घेताय? आधी आत बघा

शिकवायला किंवा शिकायला हृदयाचं मॉडेल घ्यायचं असेल तर बाहेरून किती खरं दिसतं ते बघत बसू नका, सरळ उघडा आणि आत बघा. बरीचशी मॉडेल्स बाहेरून लालभडक, वरती निळ्या-लाल नळ्या, एकदम छान, आणि आत मात्र चार सारखेच खड्डे. हे मी वापरतेय ते खऱ्या हृदयाच्या दुप्पट आकाराचं आहे, भाग चुंबकाने जोडलेत, पुढची भिंत निघते, वरचा अलिंदांचा, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांचा, भाग वेगळा निघतो, आणि आतलं काम करणाऱ्याने खरंच मन लावून केलंय.

सगळ्यात आधी भिंती. डाव्या निलयाची, म्हणजे खालच्या डाव्या कप्प्याची, भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट जाड असायला हवी आणि इथे ती आहे, बोट लावलं तरी कळतं. हे एवढं महत्त्वाचं का, तर मुलांना हमखास वाटतं की डावी बाजू जास्त रक्त ढकलते म्हणून ती जाड. तसं नाहीये. दोन्ही निलयं एका ठोक्याला जवळपास सारखंच, म्हणजे साधारण ७० मिली रक्त बाहेर टाकतात, फरक आहे तो दाबाचा. उजव्याला शेजारच्या फुफ्फुसांपर्यंतच पोचवायचंय, तिथे पाऱ्याच्या २५ मिलिमीटरच्या आसपास दाब पुरतो, डाव्याला अख्ख्या शरीरात पाठवायचंय म्हणून १२० च्या आसपास लागतो. आडवा छेद बघितला तर डावं निलय गोल आणि उजवं त्याला चंद्रकोरीसारखं बिलगलेलं, हा आकारही यांनी बरोबर पकडलाय.

आता झडपा, माझा सगळ्यात आवडता भाग. अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपांच्या पाकळ्यांना खालून बारीक दोऱ्या आणि त्या दोऱ्या भिंतीतून वर आलेल्या पॅपिलरी स्नायूंना बांधलेल्या, हे सगळं वेगवेगळं दिसतं. डावीकडे दोन स्नायू आणि दोन पाकळ्या, पण प्रत्येक पाकळीला दोन्ही स्नायूंकडून दोऱ्या येतात, स्वस्तातल्या मॉडेलमध्ये हे हमखास चुकतं, इथे बरोबर आहे. मी मुलांना नेहमी विचारते की या दोऱ्या झडप ओढून उघडतात का? बहुतेक जण हो म्हणतात. झडप उघडते ती रक्ताच्या दाबाने, दोऱ्यांचं काम एकच, निलय आवळलं की पाकळ्या उलट्या होऊन अलिंदात जायला नकोत. मॉडेल हातात असलं की हे दोन मिनिटांत पटतं, नुसत्या आकृतीवरून तासभर सांगूनही पटत नाही. महाधमनी आणि फुफ्फुसधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपांना मात्र दोऱ्या नाहीत, त्या तीन तीन खिशांच्या, रक्त मागे फिरलं की खिसे भरतात आणि आपोआप मिटतात. महाधमनीच्या झडपेच्या जरा वरच हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्यांची तोंडं असतात, तीही यांनी खरीखुरी आरपार भोकं पाडून दाखवलीत, नुसते रंगाचे ठिपके नाहीत.

उजव्या निलयात एक स्नायूचा पट्टा मधल्या पडद्यापासून समोरच्या पॅपिलरी स्नायूपर्यंत जातो, तो आहे हे बघून मला फार आनंद झाला कारण बरेच जण तो गाळतात. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी चित्रात काढलाय हो तो! अलिंदांच्या मधल्या पडद्यावरचा खळगाही आहे, वरचा भाग काढून टॉर्च मारावा लागतो. जन्माआधी फुफ्फुसं श्वास घेत नसतात म्हणून रक्त तिथून थेट उजवीकडून डावीकडे जातं, जन्मानंतर ते दार मिटतं, आणि साधारण चारातल्या एका माणसात पूर्ण चिकटत नाही, बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही नसतो.

आता जे खटकलं ते. उजव्या बाजूचा आतला भाग चक्क निळा रंगवलाय. नळ्यांना रंग देणं समजू शकते, पण आतल्या स्नायूला निळं केलं की मुलं घरी जाऊन रक्त निळं असतं असं सांगतात, आणि तिथलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. दुसरं म्हणजे स्टँडवर हृदय अगदी सरळ उभं बसवलंय. छातीत ते तिरकं असतं, टोक डावीकडे, उजवं निलय पुढे आणि डावं अलिंद पार मागे, त्यामुळे मी ते स्टँडवरून काढून हातात धरूनच दाखवते.

आणि सगळ्यात मोठी उणीव, ठोका सुरू करणारी यंत्रणा कुठेच नाही. उजव्या अलिंदात वर जिथून ठोका निघतो ती गाठ नाही, खाली येताना तो विजेचा संदेश सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतका जिथे थांबतो ती दुसरी गाठही नाही. अलिंदं आणि निलयं यांच्यामध्ये तंतूंचं एक कडं असतं ज्यातून वीज पलीकडे जात नाही, तिला जायला एकच वाट असते, म्हणून अलिंदं आधी आवळतात आणि निलयं नंतर. एवढी सुंदर गोष्ट एका पिवळ्या रेषेने दाखवता आली असती. मी ती स्वतः पिवळ्या पेंटने काढून घेतली, प्लास्टिकवर नीट बसते.

शाळेत नववी-दहावीला, नर्सिंग किंवा फिजिओच्या पहिल्या वर्षाला बिनधास्त घ्या. फक्त बंद करताना पुढची भिंत बाहेरच्या कडेने धरून बसवा, आत बोटं घालून दाबलं तर दोऱ्या तुटतात आणि त्या सुट्या विकत मिळत नाहीत.