क्लासला स्वतःचा कन्स्ट्रक्टर हवा, की कंपायलरचा पुरतो?

कन्स्ट्रक्टर म्हणजे क्लासच्या साच्यातून ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारा कोड. जावात क्लासला कन्स्ट्रक्टर लिहिलाच नाही, तर कंपायलर (कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम) एक रिकामा कन्स्ट्रक्टर आपणहून देतो. फुकट मिळतोय म्हणून काही जण कायम त्यावरच भागवतात, तर काही जण परीक्षेची सवय म्हणून प्रत्येक क्लासला तीन-तीन लिहीत बसतात. निवड करताना मी एकच बघतो: काहीही न भरलेला ऑब्जेक्ट या कामात चालेल का?

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं बिलिंग घ्या. 'टॉवेल' क्लासमध्ये नाव, लांबी, रुंदी, जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम वजन) आणि दर ही फील्ड आहेत. फुकटचा कन्स्ट्रक्टर वापरला, तर आधी रिकामा टॉवेल बनतो आणि मग एकेक सेटर (एका फील्डमध्ये किंमत भरणारी मेथड) मारत बसावं लागतं. उद्या नवीन फॉर्म लिहिणारा दराचा सेटर विसरला, तर प्रोग्राम हूं की चूं करत नाही. नाव नल (काहीच नाही) राहतं, आणि दर इंट किंवा डबल (आकड्यांचे प्रकार) असेल तर ०. नल निदान कुठेतरी आपटतं आणि कळतं. शून्य मात्र गुपचूप गुणाकारात शिरतं आणि पन्नास डझन टॉवेलचं बिल ० रुपयांचं छापून निघतं. चाटी गल्लीतला गिऱ्हाईक ते परत आणून देईल या भरवशावर राहू नका.

स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिला की नाव, माप, दर दिल्याशिवाय कोड कंपाइलच होत नाही. दर शून्य किंवा उणे आला तर तिथेच एक्सेप्शन (चूक सांगून काम अडवणारा इशारा) फेकता येतं. शिवाय एकदा बनलेला टॉवेल पुढे कुणी बदलू नये म्हणून फील्ड फायनल करायची असतील, तर बाहेरून आलेली किंमत त्यांत भरायची जागा कन्स्ट्रक्टरच. सेटरला तिथे मज्जाव.

पण यातही एक खोड आहे. लांबी आणि रुंदी दोन्ही इंट. ६० बाय ३० च्या जागी कुणी ३० बाय ६० दिलं, तर कंपायलरला काय कळणार? पायथनमध्ये नावासकट आर्ग्युमेंट देऊन हे टळतं. जावात ती सोय नाही, म्हणून आर्ग्युमेंट चार-पाचाच्या वर गेली की बिल्डर (एकेक किंमत नावाने घेऊन शेवटी ऑब्जेक्ट बनवणारा वेगळा क्लास) बरा. त्याआधी बिल्डर म्हणजे नुसती टायपिंगची हौस.

आता दुसरी बाजू. बिलं शोधायच्या स्क्रीनचा 'फिल्टर' क्लास बघा: या तारखेपासून, त्या तारखेपर्यंत, पार्टीचं नाव. काहीच भरलं नाही, तर अर्थ सरळ आहे: सगळी बिलं दाखव. इथे रिकामा ऑब्जेक्ट पूर्ण शहाणा आहे. कन्स्ट्रक्टर लिहून काही कमाई नाही. एखादी यादी फील्डच्या ओळीतच तयार करून ठेवली असेल, तर तेवढ्यासाठीही नको.

अडचण येते ती अशी की तुम्ही एक कन्स्ट्रक्टर लिहिला की कंपायलरचा फुकटचा नाहीसा होतो. जेपीएच्या (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवायची पद्धत) एंटिटीला, म्हणजे टेबलाशी जोडलेल्या क्लासला, मात्र विनाआर्ग्युमेंट कन्स्ट्रक्टर लागतोच, पब्लिक किंवा प्रोटेक्टेड. अशा वेळी दोन्ही ठेवा, रिकामा प्रोटेक्टेड करा, म्हणजे बाहेरच्या कोडला तो सहज वापरता येणार नाही. त्याच पॅकेजमधल्या कोडला तो तरीही दिसतो, हे ध्यानात असू द्या.

सी प्लस प्लसमध्ये मामला जास्त कडक. तिथे फंक्शनमध्ये बनवलेल्या ऑब्जेक्टच्या इंट फील्डला कुणी किंमत दिलीच नाही, तर त्यात शून्यही नसतं, कचरा असतो. क्लासने न्यू करून मेमरी घेतली असेल आणि ती डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट संपताना चालणारा कोड) डिलीट होत असेल, तर आपोआप मिळणारी कॉपी फक्त पॉइंटरची (मेमरीच्या पत्त्याची) नक्कल करते, आणि दोन ऑब्जेक्ट एकच मेमरी दोनदा सोडायला जातात. मग कॉपी कन्स्ट्रक्टर, असाइनमेंट आणि डिस्ट्रक्टर तिन्ही लिहावे लागतात. माझं मत विचाराल तर मेमरी स्वतःच सांभाळणारे व्हेक्टर आणि स्ट्रिंग वापरा, यातला एकही लिहू नका.

पायथन ३.७ पासूनचे डेटाक्लास आणि जावा १६ पासूनचे रेकॉर्ड हे मधला मार्ग देतात: कन्स्ट्रक्टर आयता मिळतो, तुम्ही फक्त तपासणी लिहायची. नवीन काम असेल तर मी तिथूनच सुरुवात करेन.

जुनं बिलिंग हातात असेल, तर सगळे क्लास एका दमात बदलू नका. पैसा किंवा माप असलेला एक क्लास उचला, त्याला कन्स्ट्रक्टर लिहा आणि बिल्ड मारा. जिथे जिथे कंपायलर अडेल, त्या ओळींवर आजवर अर्धवट ऑब्जेक्ट बनत होते. त्या एकेक करून तपासा.