सलोमेचं ज्योमेट्री मॉड्यूल: पैसे लागत नाहीत, पण टॉलरन्स जपून टाका

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या फौंड्रीत ग्राहकाची आयजीईएस फाइल (थ्रीडी आकार एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा एक प्रकार) उघडली, की बहुतेक वेळा एकच तऱ्हा. स्क्रीनवर पंपाची बॉडी अख्खी दिसते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती सुट्या पृष्ठांची रास असते. आयजीईएसमध्ये बहुधा प्रत्येक पृष्ठ स्वतंत्र लिहिलेलं असतं आणि कुठली कड कुणाच्या कडेला लागते याची नोंद नसते. मग मेशिंगला, म्हणजे ताणाच्या गणितासाठी आकाराचे बारीक तुकडे (एलिमेंट) पाडायला घेतलं की व्हॉल्यूमच सापडत नाही. म्हणून दुरुस्तीला बसण्याआधी ग्राहकाकडून स्टेप फाइल मागून घ्या; त्या प्रकारात पृष्ठांची जोडणी बहुधा नोंदलेली असते. अर्धं काम तिथंच वाचतं.

उरलेल्या अर्ध्यासाठी सलोमे, म्हणजे आकार दुरुस्त करून मेश बनवणारं सॉफ्टवेअर; त्यातली दुरुस्ती ज्योमेट्री मॉड्यूलमध्ये होते. फ्रान्समधल्या ईडीएफ ही वीज कंपनी, सीईए ही अणुऊर्जा संशोधन संस्था आणि ओपन कॅस्केड ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी घडवलेलं हे साधन एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली मोफत मिळतं आणि लिनक्स, विंडोज दोन्हींवर चालतं. दर वर्षी लायसन्सचे पैसे भरणं ज्यांना झेपत नाही, त्या उद्यमनगरातल्या छोट्या डिझाइन ऑफिसला ते परवडतं. शिकायला मात्र चिकाटी लागते.

पहिली ठेच फाइल आत घेतानाच लागते. युनिट विचारात घ्यायचं का, असा प्रश्न येतो. ‘हो’ म्हटलं तर मिलिमीटरमधली फाइल मीटरमध्ये येते आणि ३०० मिमीचा फ्लँज ०.३ होऊन बसतो. ‘नाही’ म्हटलं तर आकडे जसेच्या तसे राहतात. आमचा सल्ला ‘नाही’चा, कारण पुढचे सगळे टॉलरन्स (किती अंतरापर्यंतच्या कडा एकच मानायच्या, ते आकडे) तुम्ही मिमी धरूनच टाकणार. मीटरच्या मॉडेलवर ०.०१ टाकलंत तर ते १० मिमी झाले, म्हणजे कास्टिंगची भिंतच गिळली! आत आल्याबरोबर बाउंडिंग बॉक्स (भाग ज्यात मावतो ती चौकट) काढून खात्री करा. मिमी ठेवलंत तर बल न्यूटनमध्ये, ताण मेगापास्कलमध्ये आणि घनता टन प्रति घन मिमीमध्ये द्यायची, हेही ध्यानात असू द्या.

मग ‘व्हॉट इज’ चालवून किती फेस (पृष्ठं), किती शेल (जोडलेल्या पृष्ठांचं कवच), किती सॉलिड (भरीव आकार) ते पाहा. ‘शेप प्रोसेसिंग’मध्ये सदोष आकार सुधारणारा फिक्सशेप आणि बारीक कडा काढणारा पर्याय पुरे. सगळं बेझियर वक्रांत बदलणारा पर्याय उगाच निवडू नका; साधे दंडगोल, प्लेन यांचंही रूप बदलतं.

खरी परीक्षा ‘सोइंग’ची, म्हणजे सुटी पृष्ठं कडांवर शिवण्याची. त्याच खिडकीत ‘डिटेक्ट’ दाबलं की मोकळ्या कडा उजळतात. तिथली सगळ्यांत मोठी फट मोजा आणि भागातली सगळ्यांत लहान खरी कडही मोजा. टॉलरन्स या दोहोंच्या मध्ये, फटीच्या जवळ ठेवायचा. फट ०.०३ मिमी आणि लहान कड ०.६ मिमी असेल, तर ०.००१ पासून चढत ०.०४ पर्यंत जा आणि मोकळ्या कडा संपल्या की तिथंच थांबा. घाईत थेट ०.५ टाकणारे पुष्कळ आहेत. त्यात फिलेटच्या (गोलाई दिलेल्या कोपऱ्यांच्या) निमुळत्या पट्ट्यांच्या समोरासमोरच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि पृष्ठच नाहीसं होतं.

आता जे खिडकीत कुठंच लिहिलेलं नाही, ते. सोइंग फट बुजवत नाही. दोन्ही पृष्ठं जागची हलत नाहीत. दोन कडांऐवजी एक सामायिक कड नोंदली जाते आणि फट झाकेल एवढा तिचा टॉलरन्स फुगवला जातो. मॉडेल बंद दिसतं, व्हॉल्यूमही मिळतं, आणि पुढं त्याच कडेजवळ पार्टिशन (एकमेकांना छेदणारे आकार छेदावर तोडून जोडणं) किंवा बूलियन (आकारांची बेरीज-वजाबाकी) करायला गेलं की अपयश येतं किंवा केसासारखी पट्टी उरते. म्हणून शिवून झाल्यावर ‘टॉलरन्स’ची तपासणी करून कडांचा कमाल आकडा बघायचाच. तो तुमच्या सगळ्यांत बारीक एलिमेंटच्या जवळपास गेला असेल, तर तेवढी पृष्ठं काढून नवी बांधा: सपाट असेल तर ‘बिल्ड फेस’, वाकडं असेल तर ‘फिलिंग’. मग पुन्हा लहान टॉलरन्सवर शिवा आणि बंद शेलवरून सॉलिड करा. ‘लिमिट टॉलरन्स’ आकडा खाली ओढू पाहतं, पण फट खरीच असेल तिथं त्याचा काही इलाज चालत नाही.

उसाच्या ट्रॉलीची चासी किंवा कारखान्याचा हॉपर असं पत्र्याचं काम असेल तर गणित वेगळं; तिथं जाडीऐवजी तिच्या मधोमधचं पृष्ठच मेश करतात. या मॉड्यूलमध्ये मधलं पृष्ठ आपोआप काढून मिळत नाही. तो या साधनाचा मोठा उणेपणा. हातानं काढलंत, तर ८ मिमीच्या प्लेटवर उभ्या वेल्ड केलेल्या प्लेटची कड मधल्या पृष्ठापासून ४ मिमी अलीकडेच थांबते. ती शिवून जोडायचा मोह नको, पृष्ठ ४ मिमी वाढवा. मग दोन्हींवर ‘पार्टिशन’ चालवा, म्हणजे सांध्यावर तिन्ही फेसना एकच कड मिळते. नुसतं सोइंग करायचं तर नॉन-मॅनिफोल्डची (एका कडेला दोनहून जास्त फेस चालतील, अशी) खूण लागते, नाहीतर तिसरा फेस सुटा राहतो.

जोड खरंच झाला का, हे मेशवर कळतं. ‘फ्री बॉर्डर्स’ चालू केल्यावर फक्त बाहेरच्या आणि भोकांच्या कडा दिसायला हव्यात. सांध्यावर रेघ उमटली तर तिथं प्लेट सुटी आहे. ‘मल्टी-कनेक्शन’मध्ये ३ आकडा निवडला की टी सांधे उजळतात. हे दोन्ही पर्याय उत्तम आहेत. नोड (मेशच्या तुकड्यांचे कोपऱ्याचे बिंदू) मर्ज करून वेळ मारून नेता येते, पण समोरासमोरच्या नोडच्या जागा जुळत नसतील तर त्याचा उपयोग होत नाही. शेलचे नॉर्मलही (फेसची बाजू दाखवणारे लंब बाण) पाहून घ्या. एखादा फेस उलटा राहिला तर दाब उलट्या बाजूनं लागतो.

‘सप्रेस फेसेस’कडून फार अपेक्षा ठेवू नका. फिलेट काढलं की तिथं भगदाड उरतं, शेजारची पृष्ठं वाढून मिळत नाहीत. माउसनं ओढून आकार बदलायची सवय असलेल्यांचा इथं जीव मेटाकुटीला येईल.

जमेची मोठी बाजू पायथॉनची. केलेलं सगळं काम ‘डंप स्टडी’नं स्क्रिप्टमध्ये उतरतं. पण त्यात फेस क्रमांकानं ओळखलेले असतात आणि ग्राहकानं एक भोक वाढवून सुधारित फाइल पाठवली की क्रमांक बदलतात. त्या ओळी आधीच बदलून फेस ठिकाणावरून निवडा, उदाहरणार्थ ठरावीक प्लेनवरचे सगळे.