पुठ्ठ्याचं प्राण्यांचं पुस्तक: गाय उंदराएवढी!

नात १६ महिन्यांची. तिच्यासाठी १८० रुपयांना हे घेतलं. कोपरे गोल, पानं चावूनही फाटत नाहीत. पैसे तिथेच वसूल. गाय, शेळी, मांजर, सगळ्यांना बाईसाहेब 'भूभू'च म्हणतात. पण "गाय कुठंय?" विचारलं की बोट बरोब्बर गायीवर! म्हणजे कळतं सगळं, तोंडात शब्द तेवढे कमी. या वयात असंच असतं, सूनबाईंनी उगाच काळजी केली. खोट म्हणजे, गाय आणि उंदीर एकाच मापाचे. शिवाय प्रत्येकाचं चित्र एकच. काळी, पांढरी, बसलेली, चरणारी अशा चार गायी दाखवल्या तर 'गाय' म्हणजे काय ते पोरांना लवकर उमगतं. परवा दारात खरी गाय आली, तर ही तिच्याकडे बघून "भूभू!" पाचपैकी तीन तारे.