खोक्यावर १०५० टीआय, आत ५५० टीआय

जुने ग्राफिक्स कार्ड घेण्याच्या विचारात असलेल्यांसाठी, त्यातही खेड्यापाड्यांत फोटो स्टुडिओ किंवा लग्नाच्या व्हिडिओचे मिक्सिंग करणाऱ्या मंडळींसाठी हे लिहीत आहे. मला ज्या पद्धतीने फसवण्यात आले ती पद्धत जुनीच आहे, पण थोडी माहिती असली तर ती ओळखता येते.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा छोटा स्टुडिओ आहे. अलीकडे शूटिंगच्या जोडीला लग्नाचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही मागितले जाते आणि त्या कामाला एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड पुरेसे होते. नागपूरच्या एका विक्रेत्याची ऑनलाइन जाहिरात पाहून साडेपाच हजारांत सौदा ठरला. फोनवर तो म्हणाला, "भाऊ, माल एक नंबर आहे. फक्त ड्रायव्हर मी पेन ड्राइव्हमध्ये देतो तोच टाका, अपडेटच्या भानगडीत पडू नका." ड्रायव्हर म्हणजे संगणकाला कार्ड वापरता यावे म्हणून टाकावा लागणारा प्रोग्राम. पैसे त्याने यूपीआयने आधीच घेतले आणि कार्ड ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवले.

कार्ड बसवल्यावर संगणकाने त्याचे नाव १०५० टीआय आणि मेमरी ४ जीबी अशीच दाखवली. डेस्कटॉप, गाणी, फोटो हे सर्व व्यवस्थित चालले. मात्र दोन कॅमेऱ्यांचे फोरके चित्रीकरण एकाच वेळी टाइमलाइनवर ठेवले की पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन उमटत आणि संगणक गोठून जाई. प्रक्षेपणासाठी मी ओबीएस हा प्रोग्राम वापरतो. त्यात एनव्हिडियाच्या कार्डावर व्हिडिओ एन्कोड करणारा एनव्हेंक हा पर्याय यादीत असायला हवा होता, तो दिसेना. संशयाला खरी सुरुवात येथून झाली, कारण एनव्हेंक ही सोय एनव्हिडियाच्या कार्डांत २०१२ च्या केप्लर पिढीपासून आली आणि १०५० टीआय हे त्यानंतरच्या पास्कल पिढीचे, ऑक्टोबर २०१६ मध्ये बाजारात आलेले कार्ड आहे. ज्या कार्डात एनव्हेंक नाही, ते त्या पिढीचे असण्याची शक्यता फारच कमी.

ओळखीच्या एका मेकॅनिकने माझ्यासमोर पंख्याचे चार स्क्रू काढले, हीटसिंक, म्हणजे चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, उचलला आणि चिपवरची वाळून खडखडीत झालेली करडी पेस्ट कापसाने पुसली. १०५० टीआयच्या चिपवर 'जीपी १०७' ही अक्षरे असतात. येथे 'जीएफ ११६' असे स्पष्ट कोरलेले होते. ही चिप मार्च २०११ मध्ये आलेल्या जीटीएक्स ५५० टीआय या फर्मी पिढीतील कार्डाची आहे. कार्डावरील बायोस या छोट्या प्रोग्राममध्ये फेरफार करून नाव आणि मेमरीचा आकडा बदलला जातो, आणि संगणक तोच आकडा वाचून दाखवतो. प्रत्यक्षात मेमरी १ जीबीच असल्यामुळे काम त्या पलीकडे गेले की कार्ड कोलमडते.

आता या दोन कार्डांतील अंतर पाहा. ५५० टीआयमध्ये १९२ कुडा कोअर, म्हणजे गणिते करणारे छोटे भाग, आहेत, तर १०५० टीआयमध्ये ७६८. दोन्ही पिढ्यांच्या कोअरचा वेग वेगळा असल्याने कामगिरी थेट चौपट होत नाही, तरी कागदावरील गणनाक्षमता सुमारे तिपटीने जास्त भरते. जुनी चिप ४० नॅनोमीटरची, नवी १४ नॅनोमीटरची; हा आकडा जितका लहान तितकी चिपची घडण बारीक आणि विजेची भूक कमी. म्हणून जुने कार्ड ११६ वॅटपर्यंत वीज खाते, तर नवे ७५ वॅटमध्ये भागवते. हे ७५ वॅट मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळत असल्याने बहुतेक १०५० टीआय कार्डांना वेगळी सहा पिनची वायर लागत नाही. काही कंपन्यांच्या वेग वाढवलेल्या कार्डांना ती असते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नये, पण माझ्या कार्डासोबत सहा पिनचा जोड पाठवलेला होता आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात त्याचा पंखा जात्यासारखा घरघरत असे.

एक आकडा मात्र उलटा आहे आणि विक्रेता नेमका त्याचाच फायदा घेतो. ५५० टीआयचा मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातील माहितीचा रस्ता, १९२ बिट रुंदीचा आहे, १०५० टीआयचा १२८ बिटचा. "बाकीच्यांचे १२८ बिटचे असते, आपले १९२ बिटचे" असे तो अभिमानाने सांगत होता. मोठा आकडा म्हणजे चांगला माल असे ऐकणाऱ्याला वाटते. वास्तविक १०५० टीआयची मेमरी अधिक वेगवान असल्याने तिचा सेकंदाला ११२ जीबीचा प्रवाह जुन्या कार्डाच्या सुमारे ९८ जीबीपेक्षा जास्तच आहे. १०५० टीआय म्हणून कोणी १९२ बिटचे कार्ड पुढे केले तर ते १०५० टीआय नाही, हे तिथेच समजावे.

सर्वांत सोपी खूण पाठीमागच्या पट्टीवर असते. तालुक्याच्या गावांत अजून निळ्या प्लगचे, म्हणजे व्हीजीए केबलचे मॉनिटर सर्रास आहेत, आणि "जुन्या मॉनिटरलाही चालते" म्हणून व्हीजीएचे भोक दाखवले जाते. पास्कल पिढीच्या जीटीएक्स कार्डांतून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. त्यामुळे व्हीजीए असलेले १०५० टीआय खरे असूच शकत नाही.

पेन ड्राइव्हमधील ड्रायव्हरचा आग्रहही विनाकारण नव्हता. फर्मी कार्डांसाठी नवे गेम रेडी ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने २०१८ मध्येच थांबवले, आणि नवा ड्रायव्हर टाकला की सोंग उघडे पडते. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामची २०१८ च्या उत्तरार्धात आलेली आवृत्ती किंवा त्यापुढची कोणतीही आवृत्ती चालवली, तर अशा अनेक बनावट कार्डांच्या नावाआधी 'फेक' असा शिक्का उमटतो. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर हा प्रोग्राम चालवायला सांगावे. तो टाळाटाळ करू लागला तर सौदा सोडून द्यावा.

माझ्या विक्रेत्याने आधी "तुमच्याकडे लाइट कमी-जास्त होते, त्यात कार्ड गेले असेल" असे सांगितले. विजेच्या चढउताराने कार्ड जळू शकते, चिपवर कोरलेली अक्षरे बदलत नाहीत. चिपचा फोटो पाठवल्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले.

ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे आणि तेथे जितक्या लवकर कळवावे तितके बरे; ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो, म्हणजे विक्रेता नागपूरचा असला तरी खेटे नागपूरला घालावे लागत नाहीत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. स्टुडिओसाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापराची ठरेल अशी भीती काहींना वाटते. परंतु स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्याने त्यातून वगळले आहे. मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पार्सलची पावती आणि चिपचा फोटो जोडून यवतमाळच्या आयोगाकडे तक्रार दिली आहे.