५०७० टीआय की ९०७० एक्सटी? गोव्याच्या हवेतला हिशेब

मॉनिटर १४४० पी किंवा ४के आहे, सोळा जीबी मेमरीच्या खाली उतरायचं नाही आणि ५०८०च्या किमतीपर्यंत हातही पोचत नाही, अशा माणसाच्या यादीत शेवटी दोनच ग्राफिक्स कार्डं उरतात. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी. दोन्ही २०२५ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये, दोन आठवड्यांच्या अंतराने आली. कोअर किती, क्लॉक किती हे खोक्यावर छापलेलं असतं, त्यात शिरत नाही. मिरामार, वास्को नाहीतर फोंड्याच्या घरात, जिथे जूनपासून भिंतींना ओल धरते आणि पहिल्या सरीबरोबर लाईट जाते, तिथे यातलं कुठलं कार्ड कमी त्रास देईल, एवढंच इथे पाहायचं आहे.

वेगाचं आधी उरकून घेऊ. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या मोजण्याची पद्धत) बंद असेल तर खेळताना या दोघांतला फरक कळत नाही. ५०७० टीआय बहुतेक ठिकाणी थोडं पुढे असतं, काही गेममध्ये ९०७० एक्सटी त्याला गाठतं किंवा मागे टाकतं. आकडा कोपऱ्यात दाखवणारं सॉफ्टवेअर बंद केलं तर समोर कुठलं कार्ड चालू आहे हे मला तरी सांगता येणार नाही. रे ट्रेसिंग लावलं की एनव्हिडियाची आघाडी दिसू लागते. 'सायबरपंक २०७७' किंवा 'ॲलन वेक २'मध्ये थेट पाथ ट्रेसिंग, म्हणजे त्याचंच सगळ्यात जड रूप, लावायचं असेल तर चर्चाच नको, ५०७० टीआय घ्या आणि पुढचं वाचू नका. ब्लेंडरमध्ये रेंडर किंवा कूडावर (एनव्हिडियाच्याच कार्डांसाठीची प्रणाली) चालणारं काही काम त्याच मशीनवर करत असाल तरी उत्तर तेच. उलट लिनक्सवर खेळत असाल तर एएमडीचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात आणि डोकं शांत राहतं.

अपस्केलिंगमध्ये, म्हणजे कमी रिझोल्युशनचं चित्र मोठं करण्यात, एनव्हिडियाचं डीएलएसएस ४ अजून सरस आहे, पण पूर्वीइतकी दरी उरलेली नाही. एएमडीचं एफएसआर ४ आल्यावर गवताची, तारांच्या जाळीची, केसांची ती जुनी थरथर बरीच गेली. एफएसआर ४ सगळ्याच गेममध्ये नाही, ही त्याची अडचण आहे. डायरेक्टएक्स १२ आणि एफएसआर ३.१ असलेल्या बऱ्याच गेममध्ये एएमडीच्या ॲड्रेनालिन सॉफ्टवेअरमधून ते चालू करता येतं, बाकी ठिकाणी जुन्या एफएसआरवर भागवावं लागतं. तुमच्या आवडीचे चार-पाच गेम काढा आणि त्यांत काय चालतं ते आधी पाहा. सरासरीचे तक्ते पाहून इथे काहीच कळत नाही.

आता गरमी. दोन्ही कार्डं तीनशे वॅटची, म्हणजे खोलीत तेवढी उष्णता दोघंही सारखीच ओतणार. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ३३ अंश असताना चिप दोघांचीही आटोक्यात राहते. फरक मेमरीत दिसतो. ९०७० एक्सटीच्या मेमरीचं तापमान नव्वदच्या घरात जाताना सर्रास दिसतं, ५०७० टीआयची जीडीडीआर७ मेमरी त्या मानाने थंड राहते. हा ९०७० एक्सटीचा खरा उणा मुद्दा आहे आणि तो मी झाकणार नाही. उपाय आहे, पण हाताने करावा लागतो. ॲड्रेनालिनच्या ट्यूनिंगमध्ये व्होल्टेज ऑफसेट उणे ५० मिलिव्होल्ट आणि पॉवर लिमिट उणे १० टक्क्यांवर ठेवा, आणि पंख्यांचा वेग मध्यावर थोडा वर उचला. वेग जवळजवळ तोच राहतो आणि कार्ड बरंच निवतं. उणे ८०च्या पलीकडे जाण्याचा मोह टाळा. बेंचमार्क पार पडतो, पण तासभर खेळल्यावर 'ड्रायव्हर टाइमआउट'चा संदेश येतो आणि दोष गेमला दिला जातो. ५०७० टीआयला हेच काम एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरच्या व्होल्टेज-क्लॉक कर्व्हमध्ये होतं, ९०० मिलिव्होल्टला २६५० मेगाहर्ट्झच्या आसपास धरून. तेवढंही नको असेल तर पॉवर लिमिट ८५ टक्के करा आणि सोडून द्या.

विजेच्या बाबतीत दोघं सारखीच. कार्ड ३००, प्रोसेसर शंभरच्या आसपास, बाकी पन्नास-साठ, त्यावर एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची) गळती आणि मॉनिटर धरला तर भिंतीतून साडेपाचशे वॅट सहज ओढले जातात. संगणकाबरोबर दुकानदार नेहमी देतो तो ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटचा असतो. लाईट गेली की तो एकदा कोकलतो आणि सगळंच बंद करतो. म्हणजे नसल्यातच जमा. ११०० व्हीएचा, ६६० वॅटचा घ्या. तोही काही मिनिटंच तग धरेल, पण गेम सेव्ह करून नीट शटडाउन करायला तेवढं पुरतं. घरच्या ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर हे मशीन चालवू नका. पंखे-दिव्यांसाठी आणलेली ती वस्तू आहे, आणि त्यातही यूपीएस मोडचं बटण बंद असेल तर लाईटवरून बॅटरीवर जाण्याच्या क्षणी मशीन रीस्टार्ट होतं. साधा ऑफलाइन यूपीएस बॅटरीवर जायला ६ ते १० मिलिसेकंद घेतो, एटीएक्स ३ या मानकाच्या एसएमपीएसने ८० टक्के भारावर १७ मिलिसेकंद तग धरायला हवा. जुना एसएमपीएस, त्यातले कपॅसिटर थकलेले, वर तीनशे वॅटचं कार्ड, अशी जुळणी असेल तर आधी एसएमपीएस बदला. ७५० वॅट, गोल्ड दर्जाचा, दोन्ही कार्डांना पुरतो.

इथपर्यंत पारडं जवळजवळ सरळच आहे, थोडं एनव्हिडियाकडे झुकलेलं म्हणा. माझ्यापुरतं ते फिरलं ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर, वीज देणाऱ्या कनेक्टरवर.

५०७० टीआयला सोळा पिनी, १२व्ही-२बाय६ कनेक्टर येतो. ९०७० एक्सटीच्या बहुतेक मॉडेलना जुने आठ पिनीच, दोन किंवा तीन. (सफायरचं नायट्रो प्लस आणि ॲसरॉकचं ताईची हे अपवाद, त्यांनाही सोळा पिनीच आहे.) कनेक्टर वितळण्याच्या भीतीबद्दल मी बोलत नाही. ती ४०९०पासून सुरू झाली आणि ५०९०ला आजही थोडीफार लागू आहे, कारण तिथे ५७५ वॅट वीज देणाऱ्या सहा पिनांतून जातात, पिनमागे आठ अँपिअर. तीनशे वॅटला हिशेब चार अँपिअरच्या आसपास येतो. आठ पिनी कनेक्टर १५० वॅट भरून देतो तेव्हा त्याच्या वीज देणाऱ्या तीन पिनांवरही तेवढाच भार असतो. त्यामुळे ५०७० टीआयचा कनेक्टर नीट बसलेला असेल तर काळजीचं कारण नाही.

अडचण त्या 'नीट'मध्ये आहे. आठ पिनीची कडी खट् करून बसते, आवाज येतो, बोटाला कळतं. सोळा पिनीचं तसं नाही. तो पुरता बसल्यासारखा वाटतो आणि एक मिलिमीटर बाहेर असतो. टॉर्च मारून, दोन्ही बाजूंनी डोकावून, फट दिसत नाही ना हे पाहावं लागतं. तिरका बसला तर भार दोन-तीन पिनांवर येतो, आणि कार्ड पिनांमध्ये भार वाटून घेत नाही. त्यात केबल कनेक्टरपासून साधारण ३५ मिलिमीटर सरळ ठेवून मगच वाकवावी लागते. प्रोसेसरच्या १६० मिलिमीटर उंच कूलरची जागा असलेलं नेहमीचं कॅबिनेट घ्या, त्यात १३० मिलिमीटर उंचीचं कार्ड बसवा, काचेपर्यंत तीसच्या आसपास मिलिमीटर उरतात. काच लावताना ती केबलला टेकते आणि केबल कनेक्टरला दाबते. खोक्यातून येणारं ॲडॅप्टर, दोन किंवा तीन आठ पिनींचा तो ताठ झुबका, लावलं तर आणखीच अडचण. ५०७० टीआयच घेणार असाल तर एटीएक्स ३.१चा एसएमपीएस घ्या आणि त्याच्याबरोबर आलेली मूळ केबल वापरा. दुसऱ्या एसएमपीएसची मॉड्युलर (सुटी निघणारी) केबल मात्र कधीही लावू नका, टोक सारखं दिसलं तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि कार्ड जागच्या जागी जळतं.

हे सगळं एकदाच करायचं असतं तर मीही खपवून घेतलं असतं. गोव्यात ते एकदा होत नाही. कळंगुट, कोलवा, बोगमाळोच्या पट्ट्यात हवेत मीठ, डिचोली, कुडचड्याकडे तांबडी धूळ, आणि सगळीकडे चार महिने ओल. पावसाआधी एकदा आणि चवथीनंतर एकदा कार्ड बाहेर काढून साफ करावंच लागतं, नाहीतर धूळ आणि ओल मिळून कूलरच्या फिनांमध्ये (धातूच्या पातळ पात्यांमध्ये) जो लगदा बसतो तो ब्रशने निघत नाही. म्हणजे दर वर्षी किमान दोनदा कनेक्टर काढा, घाला, टॉर्च मारा, काच दाबून बसवा. आठ पिनी कनेक्टर डोळे मिटून लागतात. मला ९०७० एक्सटीकडे नेलं ते यानेच. कुणाला हे हास्यास्पद वाटेल, आणि ज्याचं कॅबिनेट रुंद आहे, खोली समुद्रापासून लांब आहे त्याला ते वाटावंच.

साफ करताना चार गोष्टी. पंखे बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रशने धूळ काढा, हवेच्या झोताने पंखा गरगर फिरला तर बेअरिंग जातं. गॅरेजमधल्या टायरच्या कॉम्प्रेसरकडे नेऊ नका, पावसाळ्यात त्याच्या टाकीत पाणी साचतं आणि तेच कार्डावर उडतं. स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबराने घासायची जुनी सवय सोडा, सोन्याचा मुलामा पातळ असतो. पुसल्यावर दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या.

ओलीचा एक प्रकार इथे फारसा कुणी सांगत नाही. जूनमध्ये बाहेर ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. रात्रभर एसी २३ वर, मशीन बंद. सकाळी एसी बंद करून खिडक्या उघडल्या की थंड कॅबिनेटच्या आत, कार्डाच्या धातूवर बारीक दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच. तेव्हा लगेच बटण दाबू नका, तासभर जाऊ द्या. पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज अर्धा तास चालू ठेवलेलं बरं, आतली ऊब ओल बाहेर काढते. दोन्ही कार्डांचे पंखे कमी तापमानाला पूर्ण थांबतात, ती सोय पावसाळ्यापुरती बंद करून ते मंद फिरते ठेवा.

किमतीचं बोलायचं तर जाहीर आकडे ७४९ आणि ५९९ डॉलर होते. आपल्याकडे ते दुकानागणिक आणि महिन्यागणिक हलतात, पण फरक ठळक असतो. फरक दहा टक्क्यांच्या आत आला तर माझंही मत डळमळेल, कनेक्टर असो वा नसो. वीस टक्क्यांच्या वर असेल तर त्या पैशात चांगला एसएमपीएस आणि ११०० व्हीएचा यूपीएस येतो, आणि गोव्यात तो खर्च कार्डाच्या पुढच्या दर्जापेक्षा जास्त उपयोगी पडतो असं मला वाटतं.

पणजी, म्हापसा, मडगावच्या दुकानातून घ्या की ऑनलाइन मागवा, वॉरंटीसाठी कार्ड कुठे द्यायचं आणि ते गोव्याबाहेर जातं का, हे आधी विचारून घ्या. गंज दिसला तर वॉरंटी नाकारायची अट काही ठिकाणी असते, ती वाचा. मागच्या पट्टीचे साधे स्क्रू आणि न वापरलेले पोर्ट सगळ्यात आधी गंजतात, पोर्टना रबरी टोप्या लावून ठेवा. वापरलेलं ५०७० टीआय कुणी देत असेल तर कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून आरओपीच्या (चित्राचे पिक्सेल पूर्ण करणाऱ्या एककांच्या) रकान्यात ९६ दिसतात का पाहा. सुरुवातीच्या काही कार्डांत ८८च होते, ती बदलून मिळत होती, पण सगळ्यांनी बदलून घेतली असतीलच असं नाही.

९०७० एक्सटी घ्यायचं ठरलं तर दोन आठ पिनी असलेलं साधं मॉडेल पुरे, तिसऱ्या कनेक्टरचे जादा पैसे मोजू नका. दोन कनेक्टर आणि स्लॉट मिळून ३७५ वॅटची सोय होते, कार्ड ३०४ मागतं. प्रत्येक कनेक्टरला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्या. एकाच केबलची दोन टोकं दोन्ही ठिकाणी लावली तर ती केबल गरम होते, आणि भर खेळात स्क्रीन काळी पडली की लोक ड्रायव्हर बदलत बसतात.