आठ महिने, रोज एक कथा: विज्ञानकथांच्या मासिकांचा अनुभव

दिवाळीनंतर ठरवलं, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा आता संग्रहातून नाही, मासिकातून वाचायच्या. तेही अंक पहिल्या कथेपासून शेवटच्या कथेपर्यंत, लेखकाचं नाव बघून निवड न करता. आता आठ महिने झाले. डोंबिवलीहून दादरला जाताना एक कथा, येताना बसायला मिळालं तर दुसरी.

मुख्य वाचन 'क्लार्क्सवर्ल्ड'चं. नील क्लार्क संपादक असलेलं हे अमेरिकन मासिक 2006 पासून निघतंय. कथा संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, वर्गणी भरली तर पूर्ण अंक ई-पुस्तक म्हणून मिळतो. मी दोन महिने फुकट वाचून मग वर्गणी भरली. अंक फोनमध्ये उतरवून ठेवला की रेंज गेली तरी वाचन अडत नाही. कथेची शब्दसंख्या आधीच दिलेली असते, ही सोय मला फार आवडली. चार हजार शब्दांची कथा माझी ठाण्याच्या पुढे कुठेतरी संपते. या क्षेत्रात 7,500 शब्दांच्या आतली ती लघुकथा, त्यापुढे 17,500 पर्यंत 'नॉव्हेलेट'. नॉव्हेलेट मी रविवारसाठी ठेवते.

पहिला महिना जड गेला, हे सांगायलाच हवं. पहिल्याच परिच्छेदात तीन-चार अनोळखी शब्द येतात आणि ते समजावून द्यायला लेखक थांबत नाही. मी कथा अर्ध्यावर सोडायचे. मग सवय लावून घेतली, न कळलेला शब्द तसाच बरोबर घेऊन पुढे जायचं. दोन-तीन पानांत तो आपोआप उलगडतो. लघुकथेत जगाचं वर्णन करत बसायला जागा नसते, म्हणून ते जग पात्राच्या वागण्यात येतं. पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी बाई मनगटावरचा आकडा बघते, एवढं एक वाक्य आलं की त्या शहरात पाणी मोजून मिळतं हे कळतं. हे एकदा लक्षात आलं आणि माझा वाचनाचा वेगच बदलला. आता मी वाक्य सोडून पुढे जात नाही.

'स्ट्रेंज होरायझन्स' हे साप्ताहिक 2000 पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. त्याचे जुने अंक चाळताना वंदना सिंग यांची 2010 मधली सोमदेवाची कथा मिळाली. 'कथासरित्सागर' रचणारा, काश्मीरच्या राणी सूर्यवतीला गोष्टी सांगणारा सोमदेव इथे दूरच्या भविष्यात, ईशा नावाच्या स्त्रीबरोबर ताऱ्यांमधून फिरत लोकांच्या गोष्टी गोळा करतो. गोष्टीतून गोष्ट निघण्याची आपली पद्धत अवकाशयानात इतकी सहज बसेल असं वाटलं नव्हतं. दादर आलं तरी फोन खाली ठेवला नाही, जिन्यावर कडेला उभी राहून शेवटचं पान वाचलं.

निव्वळ अद्भुतकथा हव्या असतील तर 'बिनीथ सीसलेस स्काइज' घ्या. दर पंधरवड्याला अंक, त्यात साधारण दोनच कथा. हे प्रमाण नोकरी करणाऱ्या माणसाला झेपतं. दोन-तीन मासिकं एकदम सुरू केली तर मात्र न वाचलेले अंक साचतात. मी तिसरं बंद केलं.

तक्रारी आहेत. लागोपाठ चार कथांमध्ये कोणीतरी गेलेलं असतं आणि मागे राहिलेला माणूस त्या दुःखाशी झगडत असतो. प्रत्येक कथा वेगवेगळी चांगली असते, पण अंक सलग वाचताना सूर एकच लागतो. शेवट अर्धवट सोडण्याची आवडही जरा जास्तच आहे. आणि वर्गणी शक्यतो मासिकाकडे थेट भरा. मी आधी एका ई-पुस्तकांच्या दुकानातून भरली होती, पैसे कापले गेले पण दोन महिने अंकच आला नाही.

तरी वर्गणी भराच. फेब्रुवारी 2023 मध्ये यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा एवढा लोंढा आला की 'क्लार्क्सवर्ल्ड'ला कथा स्वीकारणं काही काळ थांबवावं लागलं. प्रत्येक कथा चाळून खरा लेखक शोधायचा हे माणसांचं काम आहे, आणि ते आपल्या वर्गणीवरच चालतं.

नाव न बघता वाचायचं, हे मला आपल्याकडच्याच एका गोष्टीवरून सुचलं. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं ते कोणा नारायण विनायक जगतापांना. ते जयंत नारळीकर होते. कथा कथा म्हणून उतरते का, हे त्यांना मोठ्या नावाशिवाय बघायचं होतं. घरी अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या 'नवल'चे बाबांनी जपलेले दिवाळी अंक आहेत. लहानपणी त्यातली फक्त ओळखीची नावं शोधून वाचली होती. परवा माळ्यावरून ते काढले, आणि आता रविवारी त्यातलाच एकेक अंक घेते, पहिल्या पानापासून.