एचआर, मध्यस्थी की लवाद? कामावरचा वाद कुठे न्यायचा

कोर्टात जायचं नाही हे पक्कं असेल तर आधी एवढंच ठरवा की तिथेच नोकरी करत राहायचंय का, कारण त्यावर सगळी निवड फिरते.

एचआरकडे लेखी तक्रार हा सगळ्यात स्वस्त रस्ता. रजा, शिफ्ट, ओव्हरटाइमचा हिशोब असल्या गोष्टींना पुरतो. पण निर्णय देणारा कंपनीचाच माणूस, आणि तक्रार साहेबाविरुद्ध असेल तर पुढे त्रास होईल ही भीती खरी असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या 130 नंबरच्या शिफारशीत म्हटलंय की तक्रार केली म्हणून कामगाराचं कसलंही नुकसान होऊ नये, पण ती शिफारसच आहे, कायदा नाही, त्यामुळे मेल जपून ठेवा आणि तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाकून नोंद करा.

मध्यस्थी आणि लवाद यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांशी वेगवेगळं बोलून मार्ग काढतो, दोघांनी सही केली तरच ते ठरलं, नाही जमलं तर उठून जाता येतं. टीम बदलून मिळणं, माफी, चांगलं अनुभवपत्र हे निकालातून सहसा मिळत नाही, इथे मिळू शकतं. नोकरी टिकवायची असेल तर माझं मत मध्यस्थीलाच. फक्त छळाच्या प्रकरणात त्रास देणाऱ्याशी जुळवून घ्या असा दबाव कोणी आणत असेल तर साफ नकार द्या.

लवाद म्हणजे कोर्टाबाहेर निकाल देणारा त्रयस्थ. त्याच्याकडे पुरावे, साक्षी सगळं होतं आणि निवाडा बंधनकारक, त्यावर अपिलाला फारच कमी वाव. नोकरी सुटलीय आणि वाद पैशाचा आहे तर हे ठीक, पण लवाद कोण नेमणार, फी कोण भरणार, सुनावणी कुठे, हे आधी वाचा. खूपदा वाद लवादाकडेच न्यायचा ही अट जॉइनिंगच्या कागदातच असते आणि सही होऊन गेलेली असते. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारीत अशी आधीची अट कर्मचाऱ्यावर लादता येत नाही, बाकी वादांना ती सवलत नाही.

आणि मुदत! बोलणी चालू आहेत म्हणून दाव्याची मुदत सगळीकडे थांबत नाही, काही कंपन्या तर मुद्दाम वेळ काढतात. ब्रिटनमध्ये ‘एकास’ (Acas) नावाच्या सरकारी संस्थेकडे समेटासाठी नोंद केली की ती काही काळ थांबते. तुमच्याकडे काय नियम आहे ते पहिल्या मीटिंगच्या आधी वकील किंवा युनियनला विचारा, आणि ‘यापुढे कुठलाही दावा करणार नाही’ असं लिहिलेला कागद त्यांना दाखवल्याशिवाय सही करू नका.